बुलबुल पुन्हा आलेत, आता काय करू?

पत्राचा सारांश

आमच्या गॅलरीत टांगलेल्या मनीप्लँटच्या कुंडीत दीड महिन्यापूर्वी लालबुड्या बुलबुलच्या जोडीने घरटं केलं. तीन अंडी, त्यातून दोन पिल्लं. मी घरूनच काम करते, त्यामुळे दिवसभर लक्ष असायचं. पानं बाजूला करून रोज फोटोही काढायचे. पिल्लं ६ दिवसांची असताना मी फोन घ्यायला आत गेले आणि तेवढ्या दोन मिनिटांत कावळ्याने दोन्ही नेली. माझ्या ८ वर्षांच्या मुलीने ते पाहिलं. "आपण त्यांना आत का नाही घेतलं?" हे तिचं अजून चालूच आहे. आता तीच जोडी परत आली आहे. शेजारच्याच कुंडीत नवं घरटं, दोन अंडी. दुसरं अंडं ४ दिवसांपूर्वी दिसलं. मला वाटतं, कुंडी खोलीत आणावी आणि खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर निदान जाळी बांधावी. नवरा म्हणतो, पिल्लं निघण्याआधीच घरटं काढून टाक, पुन्हा तेच बघायला नको. शेजारच्या काकू म्हणतात, हात लावलास तर आई अंडी टाकून जाईल. १५ दिवसांनी इमारतीचं रंगकाम सुरू होतंय. कपडे वाळत घालणंही मी बंद केलंय, त्यावरून घरात रोज कुरबुर. रात्री धड झोप लागत नाही. पक्षी विश्वासाने आमच्याकडे आलेत आणि मी त्यांना दुसऱ्यांदा तोंडघशी पाडणार, असं वाटतं. काय करू?

उत्तर

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या : कुंडी हलवू नका, घरटं काढू नका, बाकीचं सविस्तर लिहिते. आता सविस्तर.

आधी त्या दोन मिनिटांबद्दल. तुम्ही फोन घ्यायला गेला नसतात तर काय झालं असतं? त्या दिवशी कावळा आला नसता. पण पिल्लांना घरट्यात अजून जवळजवळ आठवडा काढायचा होता, आणि तेवढ्या दिवसांत तुम्हाला कधीतरी अंघोळीला जावंच लागलं असतं. घरटं कुठे आहे हे कावळ्याला आधीच माहीत असणार. तो इतका वेळ वाट बघू शकतो, की माणसाने राखण करून जिंकण्याचा प्रश्नच येत नाही. ती दोन मिनिटं तुम्ही मनाशी धरून बसला आहात, म्हणून हे आधी लिहिलं.

आता "विश्वासाने आले" या वाक्याकडे वळते. तुमची झोप त्यानेच उडवलीय असं मला वाटतं. घरट्याची जागा धरताना बुलबुल काय पाहतात? दाट पानोळा, दुपारच्या उन्हापासून आडोसा, डोक्यावर काहीतरी छप्पर, घरट्याला खालून टेकू, आणि किडे-फळं मिळतील अशी झाडं जवळपास. तुमच्या मनीप्लँटमध्ये त्यांना हे सगळं सापडलं. माणसांच्या वावरामुळे काही शत्रू लांब राहतात, त्याचाही हिशेब त्यात असू शकेल. पण तुमच्या प्रेमळ स्वभावाची पारख करून कोणी तुमच्या हाती अंडी सोपवलेली नाहीत. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण यातच तुमची सुटका आहे. त्या पिल्लांना आई-बाप आहेत. दोघंही भरवतात, दोघंही कावळ्यावर धावून जातात. तिसऱ्या पालकाची जागा तिथे रिकामी नाही.

आणि ही "तीच जोडी" आहे, हेही आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. असण्याची शक्यता भरपूर आहे, कारण एक घरटं मोडलं की बुलबुल थोड्याच दिवसांत जवळपास दुसरं बांधायला घेतात. एका हंगामात त्यांची दोन-तीन वेळा वीण होऊ शकते. यामागचा हिशेब जरा मांडून पाहा. एक जोडी आयुष्यभरात कितीतरी अंडी घालते. त्यातली सगळी जगली असती तर आज आभाळात बुलबुलशिवाय काही दिसलं नसतं. त्यांची संख्या साधारण आहे तेवढीच टिकायची, तर एका जोडीमागे जन्मभरात सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन संसाराला लागली की पुरतं. वाटीसारखं उघडं घरटं बांधणाऱ्या छोट्या पक्ष्यांची निम्मी, कधी त्याहूनही जास्त घरटी पिल्लं उडण्याआधी मोडतात. कावळा, भारद्वाज, मांजर, साप, सरडा, वादळ, कडक ऊन, कारणं अनेक. तुमच्या गॅलरीत घडलं ते भयंकर होतं, पण जगावेगळं नव्हतं. त्याच मोसमात कावळ्याच्या घरट्यातही चोची उघडून बसलेली पिल्लं असतात.

आता तुमच्या डोक्यात असलेले उपाय बघू.

कुंडी खोलीत आणणं सगळ्यात धोक्याचं. पक्षी घरटं ओळखतो ते जागेवरून. टांगलेली कुंडी चार हात सरकवली, तरी आई चोचीत अळी घेऊन जुन्या जागी येते, रिकाम्या आकड्याभोवती घिरट्या घालते आणि हाकेच्या अंतरावर पिल्लं ओरडत राहतात, असं होऊ शकतं. त्यात खोलीत पंखा असतो, काचा असतात, रात्री खिडकी बंद होते, आणि फटफटलं की भरवायच्या फेऱ्या सुरू व्हायच्या असतात. मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे. आत घेतलं असतं तर त्यांच्या आई-बाबांना येता आलं नसतं. आठ वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं, तिला सांगून बघा.

जाळीचाही मोह सोडा. बारीक नायलॉनच्या जाळीत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. अडकलेल्या पक्ष्याला सोडवताना तो घाबरूनच अर्धमेला होतो. मोठ्या भोकांची जाळी लावली तर कावळ्याची चोच आत पोचते. आणि आज नव्हता तो अडथळा उद्या अचानक दारात उभा राहिला, तर उबवणारी जोडी अंडी सोडून जाऊ शकते.

घरटं काढून टाकायचं तुमच्या नवऱ्याने सुचवलं. तो कठोरपणा आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला पुन्हा रडताना बघणं त्यांना नको आहे, असं दिसतं. पण त्याने तुमचं दुःख टळत नाही, फक्त कावळ्याचं काम आपण करतो. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे. तीत रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही येतं. इतर अनेक देशांतही वापरात असलेल्या घरट्याला कायद्याने हात लावता येत नाही. हे मी धाक म्हणून लिहीत नाही. रंगकामवाल्यांशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगते.

राहिल्या काकू. त्यांनी दिलेलं कारण चुकीचं, पण सल्ला बरोबर! माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. पिल्लू खाली पडलं तर उचलून बिनदिक्कत घरट्यात ठेवा. पक्षी टाकून जातात ते सततच्या त्रासाला कंटाळून आणि भीतीने. त्यातही घरटं बांधताना आणि अंडी घालण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत जास्त, कारण तेव्हा त्यांचं फारसं काही गुंतलेलं नसतं. पिल्लं निघाली की ती ओढ इतकी जबरदस्त असते, की सहसा जात नाहीत.

म्हणजे आता तुम्ही काय करायचं, तर थोडंच, पण नेमकं.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात : कठड्यावर पक्ष्यांसाठी धान्याची वाटी असते, उरलेली पोळी-भातही ठेवता. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात महत्त्वाचं वाक्य हेच. उरलंसुरलं अन्न कावळ्यांना रोज गॅलरीत बोलावतं, आणि कठड्यावर बसलेला कावळा इकडेतिकडे बघतोच. घरटं असेपर्यंत ती वाटी पूर्ण बंद करा. पाण्याचं भांडं ठेवायचं तर घरट्यापासून लांब, दुसऱ्या खिडकीत ठेवा. हे वाचून पुन्हा स्वतःला दोष देत बसू नका. चांगल्या मनाने ठेवलं होतंत, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या सहज लक्षात येत नाही.

दुसरं फोटोंचं. पानं बाजूला करून फोटो काढणं आजपासून थांबवा. पानं एकदा बाजूला झाली की पहिल्यासारखी मिटत नाहीत, तिथे फट राहते. आणि कावळे माणसांच्या हालचाली फार बारकाईने बघत असतात. रोज एकाच कुंडीपाशी जाऊन वाकणारं माणूस म्हणजे त्यांच्यासाठी खूणच. बघायचंच असेल तर खोलीतून, पडद्याआडून बघा. आपण फार जवळ आहोत का, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. चोचीत हिरवी अळी धरून बुलबुल समोरच्या तारेवर बसलाय, मान वळवून कुंडीकडे बघतोय, शेपटी झटकतोय, पण येत नाही. असं दिसलं की समजायचं, वाटेत आपण उभे आहोत. दोन पावलं मागे सरका, दार लावून घ्या. तो लगेच येईल.

पडद्याआडून जे दिसतं तेही कमी नसतं. भरवून झालं की आई तिथेच क्षणभर थांबते. पिल्लू वळून शेपटीकडचा भाग वर करतं आणि पांढऱ्या पातळ पिशवीत गुंडाळल्यासारखी विष्ठा टाकतं. आई ती चोचीत अलगद धरून लांब नेऊन टाकते, कधी गिळूनही टाकते. घरट्याखाली घाण साचत नाही, वास सुटत नाही, वासावर येणाऱ्याला माग लागत नाही. घरटं म्हणजे घाण, असं ज्यांना वाटतं त्यांना हे एकदा दाखवा.

आडोसा वाढवायचा असेल तर जाळीऐवजी झाड वापरा. दाट पानांची दुसरी कुंडी घरट्याच्या उघड्या बाजूला, हातभर अंतर सोडून टांगा. पक्षी चरायला गेला असेल तेव्हा, एक-दोन मिनिटांत काम उरका. मग आत येऊन घड्याळ लावा. अर्ध्या तासात पक्षी परतून बसला तर ठीक. नाही बसला तर कुंडी काढून घ्या, हट्ट करू नका. ये-जा करायची वाट मात्र मोकळी राहायला हवी.

कुंडीला पाणी घालायचं ते झारीच्या बारीक धारेने, कडेने, फक्त मातीत आणि पक्षी नसताना. मनीप्लँट थोडा तहानलेला राहिला तर मरत नाही. मुंग्या दिसल्या तरी घरट्याजवळ कीटकनाशकाचा फवारा अजिबात नको. रात्री गॅलरीतला दिवा बंद ठेवा.

कपडे मात्र खुशाल वाळत घाला. कुंडीपासून लांबच्या दोरीवर, रोजच्या वेळी, सावकाश. बुलबुलनी घर मांडलं तेव्हा तुमचे कपडे तिथे वाळतच होते. रोजचा वावर त्यांनी गृहीत धरलेला असतो. त्यांना दचकवतं ते वेगळं आणि अचानक घडणारं. चादर झटकणं तेवढं दुसरीकडे करा. पक्ष्यांसाठी घरातल्यांची गॅलरी बंद झाली, की घरातल्यांचा राग शेवटी पक्ष्यांवरच निघतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आता रंगकाम. इथे तारखा नीट मोजाव्या लागतील. दुसऱ्या अंड्यानंतर ४ दिवस गेले आणि तिसरं आलं नाही, म्हणजे या वेळी दोनच. बुलबुल साधारण १२ ते १४ दिवस अंडी उबवतात, आणि पिल्लं निघाल्यावर ११ ते १४ दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे पत्राच्या तारखेपासून साधारण १९ ते २४ दिवस. परांची १५ व्या दिवशी बांधायला आली तर तेव्हा पिल्लं पाच ते सात दिवसांची असतील, म्हणजे अगदी नको त्या वेळी. पण तुमची गॅलरी शेवटी घेतली आणि दहा दिवस मिळाले तर प्रश्नच मिटतो. म्हणून काम थांबवा असं म्हणू नका, आमची बाजू शेवटी घ्या एवढंच म्हणा. तारखा कागदावर लिहून द्या. "पक्षी आहेत हो" असं सांगितलं तर हसण्यावारी नेतील. "अमुक तारखेनंतर खुशाल घ्या" म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात, कारण त्यांना कामाचा क्रम लावायचा असतो. हे बोलणं नवऱ्यावर सोपवा. त्यांनाही काहीतरी करायचंच आहे.

खाली पडलेल्या पिल्लांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अशी पत्रं मला दर मोसमात येतात. पिल्लू उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं असेल तर ते अपघाताने पडलंय. उचला, अंग गार असेल तर ओंजळीत थोडी ऊब द्या आणि घरट्यात ठेवा. घरटंच कोसळलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, सुकं गवत घाला आणि शक्य तितक्या जुन्या जागेजवळ बांधा. पण पिल्लाला पिसं फुटलीत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, ते निघालंय. बुलबुलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. पुढचे काही दिवस आई-बाप त्यांना झुडपांत शोधून शोधून भरवतात. अशा पिल्लाला जवळच्या फांदीवर किंवा कुंडीत ठेवायचं आणि माणसं-मांजरं लांब ठेवायची. बस्स.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. खूप वर्षांपूर्वी दयाळाचं असंच एक पिल्लू मला अंगणात दिसलं. पडलंय असं समजून मी ते घरात आणलं, बुटांच्या खोक्यात कापूस घातला, ड्रॉपरने दूध पाजलं. पहाटेपासून दयाळाची जोडी खिडकीबाहेर कर्कश ओरडत होती आणि मला वाटलं, गातायत. दुपारपर्यंत पिल्लू गेलं. पक्ष्यांना दूध पचत नाही. त्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं, वरून टाकलेला थेंब थेट फुप्फुसात जाऊ शकतो. हे मला नंतर कळलं. तो आवाज आजही कानात आहे. म्हणून कळकळीने सांगते, जखमी पिल्लालासुद्धा पाणी, दूध, पाव काहीही देऊ नका. मांजराने धरलं असेल, पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि उबेत ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या पक्षीमित्रांना कळवा. मांजराचा दात लागलाय पण जखम दिसत नाही, तरीही कळवा. तो दंश आतून चिघळतो.

तुमच्यासारखीच, पण थोडी वेगळी अडचण असलेल्यांसाठी दोन शब्द. पंख्याच्या वाटीत किंवा मीटरच्या पेटीत चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केली असेल तर थांबवायची वेळ तीच. अंडी पडण्याआधी जागा बुजवा आणि बाहेर लाकडी पेटी टांगा. भोक साधारण ३२ मिलिमीटरचं, पेटीवर दुपारचं ऊन येणार नाही अशी जागा, आणि भोकाखाली दांडी नको, कारण तिचा उपयोग शत्रूलाच जास्त होतो. बुलबुल मात्र पेटीत कधीच जात नाहीत, त्यांना झुडूपच लागतं. कबुतरांचंही तेच. अंडी घालण्याआधी फट बंद करायची, कारण त्यांच्या विष्ठेच्या सततच्या धुळीने काही माणसांना फुप्फुसांचा त्रास होतो. आणि काचेवर चोची मारणारा बुलबुल वेडा झालेला नसतो. प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो. काचेला बाहेरून कागद लावला की थांबतो.

एवढं सगळं करूनही कावळा येऊ शकतो. तसं झालं तर तुम्ही सुचेल ते करालच. कावळा समोर दिसला तर टाळी वाजवून हाकला, त्यात काही गैर नाही. पण दिवसभर पहारा नको, कामाच्या वेळी काम करा. मुलीला एक वही द्या. शाळेतून आल्यावर पडद्याआडून अर्धा तास, दर फेरीला एक रेघ, आणि चोचीत काय होतं ते : अळी, नाकतोडा, फळ. तिने पाहिलेलं विसरायला लावू नका, त्यावर बोलू द्या. पिल्लं निघून गेल्यावर आठवडाभर थांबा, घरटं रिकामं आहे याची खात्री करा, मग हातमोजे घालून ते उतरवून तिला दाखवा. जुन्या घरट्यात बारीक किडे असतात, म्हणून नंतर हात धुवायचे. बारीक मुळं, काड्या, कोळ्याचं जाळं, कुठून तरी आणलेली चकचकीत कागदाची पट्टी, हे सगळं ती वेगळं करून बघेल.

आणि पहिलं पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन बसलेलं दिसेल, त्या दिवशी गॅलरीचं दार बंद ठेवा, बादली पालथी घाला, पाण्याचं उघडं भांडं खाली ठेवू नका. नवखं पिल्लू पहिल्या उडीत कुठेही उतरतं.